शेराला साखळीत ठेवू, की भावाच्या शेतावर पाठवू?

पत्राचा सारांश (ओळख पटेल असा तपशील वगळला आहे): कोल्हापुरात कळंब्याच्या बाजूला एका कॉलनीत राहणाऱ्या ताईंचं पत्र आहे. घरात पती, सासूबाई, नववीतला मुलगा आणि तीन वर्षांचा शेरा, मुधोळ जातीचा नर. पिल्लू असताना ओळखीच्या शेतकऱ्याकडून रोख पैसे देऊन आणला, पावती नाही. गेल्या महिन्यात मागच्या गल्लीतला लॅब्रेडॉर पहाटे फाटकातून चोरीला गेला. कॅमेऱ्यात मोटरसायकलवरचे दोघे पाव टाकताना दिसतात, पण गाडीचा नंबर दिसत नाही. तेव्हापासून पतीने शेराला परसात साखळीने बांधून ठेवलंय आणि फिरायला नेणं बंद केलंय. शेरा रात्रभर रडतो, नीट जेवत नाही, चाटून चाटून पुढच्या पायाचे केस गेलेत. मुलगा वडिलांशी बोलत नाही. सासूबाई म्हणतात, "राखणीला कुत्रं आणलं, आता कुत्र्यालाच राखण ठेवायची व्हय?" ताईंच्या भावाचं भुदरगड तालुक्यात शेत आहे, शेराला तिकडे पाठवावं असं त्यांच्या मनात येतंय. शिवाय कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भंगार गोळा करणाऱ्या एका पोराचा फोटो "हाच टेहळणी करतो" असं लिहून फिरतोय. तो ताईंनीही पुढे पाठवला आणि आता त्यांना ते टोचतंय. त्या विचारतात, "शेराला बांधून ठेवू की पाठवून देऊ? आणि तो गेलाच, तर पोलीस कुत्र्यासाठी तक्रार तरी घेतील का?"

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हो, तक्रार घ्यावी लागते. पाळलेलं कुत्रं कायद्याच्या नजरेत तुमची मालमत्ता आहे आणि ते तुमच्या संमतीशिवाय नेणं ही चोरी आहे. चोरी म्हणजे काय हे समजावताना कायद्यातच जी उदाहरणं दिली आहेत, त्यातलं दुसरं उदाहरण कुत्र्याचं आहे. कुणी कुत्र्याला भुलवायला खिशात आमिष ठेवलं आणि दुसऱ्याचं कुत्रं त्याच्या मागे चालू लागलं, तर नेण्याचा हेतू असल्यास कुत्र्याने पाऊल उचललं त्याच क्षणी चोरी झाली. १८६० च्या भारतीय दंड संहितेत हे होतं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्येही ते कायम आहे. तुमच्या मागच्या गल्लीत पाव टाकून जे घडलं, ते कायदा लिहिणाऱ्यांना तेव्हाही ठाऊक होतं. त्यामुळे "कुत्र्यासाठी कुठं पोलिसात जायचं" हा संकोच आधी मनातून काढा. पोलिसांपुढे काय आणि कसं मांडायचं ते पुढे सांगते.

आता साखळीकडे येऊ. तुमच्या पतीने हे काळजीपोटी केलंय, यात मला शंका नाही. पण "नजरेआड ठेवला की सुरक्षित" हे त्यांनी गृहीत धरलंय आणि ते मला पटत नाही. परसात रस्त्यावरून जाणाऱ्याची नजर पोचत नाही, म्हणजे चोरालाही तिथे कुणी बघत नाही. बांधलेल्या कुत्र्याला मागे सरकता येत नाही, पळता येत नाही, आणि गळ्याजवळचा हूक काढायला क्षणभर पुरतो. त्यात सध्या शेरा रात्रभर रडतो. आठ-पंधरा दिवसांत शेजाऱ्यांना त्या आवाजाची सवय होईल, कदाचित झालीही असेल. मग खरोखर कुणी आत शिरलं आणि तो जिवाच्या आकांताने ओरडला, तरी कोण उठणार आहे? साखळीने तुमचा पहारेकरी मुका करून टाकलाय.

आणि शेराच्या पायाचं काय? चाटून केस जाणं हे त्वचेच्या रोगानेही होतं, म्हणून डॉक्टरांना एकदा दाखवाच. पण फिरणं बंद झालं त्याच वेळी हे सुरू झालं असेल, तर कोंडल्याचा त्रास हेच कारण असण्याची शक्यता मोठी आहे. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेली ही जात धावण्यासाठीच घडलेली आहे. लांब पाय, खोल छाती, अंगावर चरबी म्हणून नाही. अशा कुत्र्याला चार हात साखळीत दिवस काढायला लावणं हा त्याच्यावर अन्याय आहे. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या कलम ११ मध्ये, सतत बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं हा मालकाचा अपराध म्हणून नोंदलेला आहे. हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. पतीशी बोलताना हाताशी असावं म्हणून सांगते.

सासूबाईंचं बोलणं मला अर्धं पटतं. कुत्र्याने राखण करायची म्हणजे काय? परक्या माणसाची चाहूल लागताच आवाज करून घराला उठवायचं, इतकंच. पुढचं माणसांनी करायचं असतं. आवाज बाहेरून येतो की आतून, याने त्यात फरक पडत नाही. उलट शेरा घरात, बंद दाराआड झोपला तर त्याला पाव टाकून गप्प करता येणार नाही, विष घालता येणार नाही, आणि त्याचं भुंकणं थेट तुमच्या कानावर येईल. म्हणून माझा पहिला सल्ला हाच: आज रात्रीपासून शेराला घरात झोपवा. हॉलमध्ये नको असेल तर जाळी आणि कुलूप असलेल्या पडवीत. सासूबाईंना देवघराजवळ किंवा स्वयंपाकघरात तो नको असेल तर तेवढं पाळा, त्याला एक जागा आणि एक गोधडी ठरवून द्या. ही कुत्री हाडकुळी असतात, त्यांना गार फरशी सोसत नाही. जागा मऊ असली की ती आपणहून तिथेच बसतात.

मग फाटक. उद्या सकाळी स्वतः बाहेर उभ्या राहा आणि गजांमधून हात घालून आतली कडी उघडून बघा. आपल्याकडच्या बहुतेक बंगल्यांची आडवी कडी अशी सहज निघते. कारण ती दूधवाल्याला आणि पेपरवाल्याला उघडता यावी म्हणूनच तशी बसवलेली असते. कडीच्या मागे पत्रा मारून घ्या, म्हणजे बाहेरून हात पोचणार नाही, आणि रात्री कुलूप लावा. दुधाची पिशवी अडकवायला बाहेरून हूक द्या. फाटकाच्या खालच्या फटीतून कुत्र्याचं तोंड बाहेर येत असेल तर तीही बंद करा, पाव तिथूनच आत येतो. कॅमेरा लावणार असाल तर तो फक्त अंगणाकडे नको. एक कॅमेरा रस्त्यावरून येणाऱ्या गाडीचा नंबर दिसेल इतका खाली आणि त्या कोनात हवा. मागच्या गल्लीत नेमकं तेच राहिलं होतं.

भावाच्या शेताबद्दल. मोकळी हवा, धावायला जागा, हे चित्र मनाला बरं वाटतं. पण शेतावर रात्री कोण असतं? वस्ती किती लांब आहे? शेरा तिथे सुटा राहणार की बांधलेला? आणि भावाला त्याची हौस आहे, की बहिणीचा शब्द मोडवत नाही म्हणून तो हो म्हणतोय? शिकारी जातीच्या कुत्र्यांना ग्रामीण भागातच जास्त गिऱ्हाईक असतं. ससा, रानडुक्कर धरायला लोक अशी कुत्री वापरतात. वन्यजीव संरक्षण कायद्याने हा गुन्हा असला तरी हे चालतं. म्हणजे जे टाळायला शेराला पाठवायचं, तिथेच तो जाऊन पोचण्याची भीती आहे. शिवाय तीन वर्षं ज्या घरात वाढला ते घर सुटलं की नव्या जागेहून पळून जुन्या वासाच्या दिशेने निघणारी कुत्री असतात, आणि भुदरगडहून कोल्हापूरपर्यंतचा रस्ता वाहनांचा आहे. म्हणून पाठवू नका. चार दिवस गावाला जायचं असेल तेव्हा भावाकडे जरूर ठेवा, पण कायमचं नको. मुलाचा वडिलांशी अबोला आहेच. शेरा गेला तर तो अबोला घरात मुक्कामाला येईल.

आता जरा अवघड विषय. पत्रात तुम्ही ओझरतं लिहिलंय की पतीला शेराची पिल्लं हवी आहेत आणि "दोन-तीन जण क्रॉसिंगला विचारून गेलेत". ताई, माझ्या मते सगळ्या पत्रात धोक्याची गोष्ट हीच आहे. जातिवंत कुत्रं चोरणाऱ्याला ते सांभाळायला नको असतं, त्याला त्यातून पैसा काढायचा असतो. नर असेल तर मेटिंगसाठी, मादी असेल तर पिल्लांसाठी. मुधोळ लष्कराच्या प्रशिक्षणाला गेली, २०२० मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये तिचं नाव घेतलं, तेव्हापासून ही जात दूरदूरपर्यंत ठाऊक झाली आहे. अशा वेळी अनोळखी माणसं घरी येऊन नर बघून जातात. त्याचं वय विचारतात, रात्री कुठे असतो ते बघतात, फोटो काढून नेतात. त्यातला एखादा खरा हौशी असेलही. पण ओळख नसलेल्याला यापुढे घराचा पत्ताही देऊ नका, दाखवणं तर लांबच. इन्स्टाग्रामवर मुलाने शेराचे रील टाकले असतील तर त्यात घराचं फाटक, कॉलनीची पाटी दिसते का ते दोघांनी मिळून बघा.

आणि नसबंदीचा विचार करा. पिल्लं काढता न येणाऱ्या कुत्र्याला चोरबाजारात तेवढा भाव राहत नाही. शिवाय माजावर आलेल्या मादीच्या वासाने भिंतीवरून उडी मारून जाणंही बरंच कमी होतं, आणि हरवणारी कितीतरी कुत्री अशीच हरवतात. पतीला हे एकदम पटणार नाही, "जात वाया जाईल" असं वाटेल. त्यांना एवढंच विचारा, की शेरा हवाय की त्याची पिल्लं? दोन्हीचं राखण एकाच फाटकाने होत नाही. निर्णय झाला तर डॉक्टरांना मुधोळ आहे हे आधी सांगा. या सडपातळ, धावणाऱ्या जातींना भुलीची काही औषधं जड जातात, आणि अनुभवी डॉक्टर त्याप्रमाणे औषध निवडतात. शस्त्रक्रिया झाल्यावर ते लपवून ठेवू नका, चार लोकांत सांगा.

फिरायला मात्र न्याच. पहाटे चारच्या अंधारात एकट्याने नेऊ नका. उजाडल्यावर, रंकाळ्यावर माणसांची वर्दळ असते त्या वेळी न्या. मुधोळचं डोकं मानेपेक्षा अरुंद असतं, त्यामुळे साधा पट्टा मागे ओढला की कानांवरून निसटतो. ओढ बसली की थोडा आवळणारा रुंद पट्टा या जातीसाठी मिळतो, तो घ्या, किंवा छातीवरून येणारा हार्नेस. पट्ट्यावर तुमचा फोन नंबर कोरलेला बिल्ला लावा, कुत्र्याचं नाव मात्र नको. नावाने हाक मारली की तो परक्याकडेही मान वळवतो. दुकानासमोर, मिसळीच्या हॉटेलाबाहेर खांबाला बांधून आत जाऊ नका, दोन मिनिटांसाठीसुद्धा नको. आणि रोज भेटणाऱ्यांशी शेराची ओळख करून द्या: चहाच्या टपरीवाला, घंटागाडीवरच्या ताई, पेपर टाकणारा मुलगा, शेजारच्या तालमीतली पोरं. पहाटे चोर आणि ही माणसं एकाच वेळी रस्त्यावर असतात. तालमीच्या पोरांना ठाऊक असलं की हा शेरा आहे आणि तो अमुक घरातला, तर मोटरसायकलवर कोंबून त्याला नेणाऱ्याला ती वाटेत अडवतील. शेरा घरात लपून राहिला तर रस्त्यावर त्याला ओळखणारं कुणी उरणार नाही.

आता पुराव्याचं. सापडलेलं कुत्रं समोर उभं असतं आणि दोन माणसं "माझं" म्हणत असतात, अशी वेळ येते. तेव्हा तुमच्या हातात काय असेल? आज काहीच नाही, म्हणून हे काम लगेच करायचं.

ज्या शेतकऱ्याकडून पिल्लू घेतलं त्याच्याकडून साध्या कागदावर लिहून घ्या: कोणत्या महिन्यात, किती रुपयांना, कोणत्या रंगाचं पिल्लू दिलं. खाली त्याची सही आणि एका साक्षीदाराची. रेबीजच्या लसीचं कार्ड तुमच्या नावावर आहे का पाहा. अनेकदा तिथे फक्त कुत्र्याचं नाव असतं. डॉक्टरांकडून त्यावर तुमचं नाव, पत्ता, जात, रंग, खुणा लिहून घ्या आणि दरवर्षी लस देताना शिक्का मारून घ्या. महापालिकेत पाळीव कुत्र्याच्या परवान्याची चौकशी करा, सरकारी कागदावर तुमचं नाव असणं उपयोगी पडतं.

फोटो काढताना गोंडस फोटो नकोत, ओळख पटवणारे हवेत. शेराला उजेडात उभा करा आणि दोन्ही बाजूंनी, समोरून, मागून एकेक फोटो घ्या. मग जवळून: छातीवरचा पांढरा पट्टा कुठे सुरू होतो, कोणत्या पायाची कोणती नखं पांढरी, कानाच्या कडेला जुनी जखम आहे का, नाकाच्या कातड्यावरच्या रेषा. माणसाच्या बोटांच्या ठशांसारखा प्रत्येक कुत्र्याच्या नाकाचा ठसा वेगळा असतो. यातली एक खूण मनात ठेवा, ती कुणालाही सांगायची नाही. ती कशासाठी ते पुढे येईलच.

सगळ्यात पक्का पुरावा म्हणजे मायक्रोचिप. इंजेक्शनसारख्या सुईने खांद्याच्या दोन हाडांमध्ये कातडीखाली ती बसवतात. आकाराने तांदळापेक्षा थोडी मोठी. तिच्यात बॅटरी नसते, त्यामुळे कुत्रं कुठे आहे हे ती सांगत नाही, हा गैरसमज ठेवू नका. डॉक्टर हातातलं यंत्र खांद्यावरून फिरवतात, बीप वाजतो आणि पडद्यावर १५ आकडी नंबर उमटतो. तो नंबर पुन्हा कुणाला बदलता येत नाही. चिप बसवल्यावर डॉक्टरांकडून नंबरासह प्रमाणपत्र घ्या. लसीच्या कार्डावर त्या नंबराचं स्टिकर चिकटवून घ्या. आणि चिप ज्या कंपनीची असेल तिच्याकडे तुमच्या फोन नंबराची नोंद होते का ते विचारा. नोंद नसेल तर नंबर नुसताच आकडा राहतो. जीपीएसचा पट्टा घ्यायचा असेल तर घ्या, हरवलेलं कुत्रं शोधायला तो फार उपयोगी आहे. पण चोर पहिल्यांदा पट्टाच काढून फेकतो. म्हणून पट्टा चिपच्या जोडीला घ्या, चिपऐवजी नको.

आता, वेळ आलीच तर. पहिला तास तुमचा आहे. एकाने आसपास शोधायचं, एकाने दुकानांतले आणि घरांतले कॅमेरे बघायचे. चित्रण ठरावीक दिवसांनी पुसलं जातं, म्हणून त्याच दिवशी मोबाइलवर उतरवून घ्या आणि मालकाला मूळ जपून ठेवायला सांगा. महापालिकेच्या कुत्री पकडणाऱ्या गाडीने नेलं नाही ना, हेही विचारा. पट्टा नसलेलं कुत्रं तिथे जाऊ शकतं. उचलून नेताना कुणी पाहिलं असेल तर लगेच ११२ वर फोन करा.

पोलीस ठाण्यात गेल्यावर एका गोष्टीकडे नीट लक्ष द्या. "कुत्रं हरवलं" असं सांगितलंत तर गहाळ वस्तूची नोंद होईल आणि तुमच्या हातात एक दाखला येईल. त्यावर तपास होत नाही. नेलं असल्याची चिन्हं आहेत, म्हणजे कॅमेऱ्यातलं चित्रण आहे, कडी उघडलेली आहे, पाव पडलेला आहे, तर "चोरी झाली आहे" असंच फिर्यादीत लिहा. दुसरं म्हणजे किंमत. चोरीला गेलेल्या मालाची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी धरली गेली तर गुन्हा अदखलपात्र ठरू शकतो, आणि मग दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. शेतकऱ्याने लिहून दिलेला कागद तिथे कामाला येतो. गावठी किंवा दत्तक घेतलेलं कुत्रं असणाऱ्या वाचकांनी तर हे जास्तच लक्षात ठेवावं. खरेदीची पावती नसली तरी लस, शस्त्रक्रिया, औषधं यांच्या पावत्या जपून ठेवा. त्यावरून कुत्र्याची किंमत ठरतेच असं नाही, पण ते तुमचं आहे हे त्यातून उभं राहतं. आणि कुत्रं घरातून नेलं असेल तर न्याय संहितेचं घरातल्या चोरीचं कलम ३०५ लागू करायची मागणी करा. त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि तिथे किमतीची ही अट नाही. म्हणूनही शेराला रात्री घरात झोपवा म्हणते.

नोंद झाली की तिची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या. "हे आमच्या हद्दीत नाही" म्हणून परत पाठवता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते. आपल्यासाठी हे फार महत्त्वाचं आहे, कारण महामार्गाला लागलं की एका बाजूला किणीचा टोलनाका ओलांडून साताऱ्याकडे, दुसऱ्या बाजूला कोगनोळीवरून थेट कर्नाटकात जाता येतं. चारचाकीने नेल्याचा संशय असेल तर या दोन्ही नाक्यांवरचं चित्रण मिळवावं अशी लेखी विनंती पोलिसांना त्याच दिवशी द्या. ठाण्यात दाद लागली नाही तर तोच मजकूर पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा. तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. शिकारीसाठी नेलं असावं असं वाटलं तर वन विभागालाही कळवा.

मग पोस्टर आणि व्हॉट्सअ‍ॅप. फोटो, जात, कुठून गेला, फोन नंबर एवढंच टाका, घराचा पत्ता नको. ती राखून ठेवलेली खूण तर अजिबात नको. बक्षीस जाहीर झालं की "कुत्रं माझ्याकडे आहे, आधी पाच हजार टाका" असे फोन येतात. खोटे फोटोही पाठवतात, आणि हल्ली ते संगणकावर बनवणं फार सोपं झालंय. अशा माणसाला ती खूण विचारा. ज्याच्यासमोर शेरा खरोखर उभा आहे त्याला ती दिसेल. पैसे मिळवायला क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही की पिन टाकावा लागत नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा, सासूबाईंनाही. फसवणूक झालीच तर तत्काळ १९३० वर कळवा. आणि कुत्रं परत घ्यायला एकट्याने कुठे जाऊ नका.

ज्यांना कुत्रं घ्यायचंय त्यांच्यासाठीही दोन शब्द लिहिते, कारण गिऱ्हाईक आहे म्हणून चोरी आहे. "बदली झाली म्हणून देतोय" असं सांगत कुणी वाढलेलं जातिवंत कुत्रं निम्म्या किमतीत देत असेल, तर आधी डॉक्टरांकडे नेऊन चिप तपासा, लसीचं कार्ड मागा, विकणाऱ्याचं ओळखपत्र पाहा. २०१७ च्या नियमांनुसार कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्याला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं वाटण्यासारखं कारण असून घेणं हाही न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे गुन्हा आहे. कुठल्यातरी मुलाचं रडणं त्या स्वस्त किमतीत मोजलेलं असतं.

आता त्या पोराचा फोटो. तुम्हाला टोचतंय, हे बरं आहे, ते टोचू द्या. त्याने काय केल्याचं कुणी पाहिलंय? तो कॉलनीत येतो, कचऱ्याजवळ थांबतो, इकडेतिकडे बघतो. भंगार शोधणारं पोर आणखी काय करणार? कॅमेऱ्यातली माणसं मोटरसायकलवर आलेली मोठी माणसं आहेत. त्यांच्या जागी या पोराला उभं करायला ग्रुपवर एका दिवसाचाही वेळ लागला नाही, कारण गरीब आणि फिरस्त्या माणसाला चोर समजायची सवय फार जुनी आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदाच करून आख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं होतं, आणि तो कायदा देशातून जायला १९५२ उजाडलं. आपल्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी मात्र अशा जातींना अधिकाऱ्यांपुढे द्यावी लागणारी हजेरी १९१८ सालीच बंद केली होती. फासेपारध्यांना त्यांनी पहाऱ्याच्या कामावर घेतलं. ज्यांच्यावर सगळ्यांचा संशय, त्यांच्याच हाती महाराजांनी राखण दिली. त्या गावात राहून आपण एका अल्पवयीन मुलाचा फोटो चोर म्हणून फिरवायचा, हे आपल्याला शोभत नाही. ते धोक्याचंही आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या अशा अफवांवरून जमावाने माणसं मारल्याच्या घटना महाराष्ट्रात घडलेल्या आहेत.

तेव्हा ताई, आज संध्याकाळी ग्रुपवर स्पष्ट लिहा: "हा फोटो मी पुढे पाठवला होता. याच्याविरुद्ध कुठलाही पुरावा नाही. ज्यांनी पाठवला असेल त्यांनी काढून टाकावा." ज्यांना तुम्ही पाठवलात त्यांना स्वतंत्र फोन करा. तो पोरगा किंवा त्याची आई दिसली तर बोला. खरा संशय असेल तर चित्रण घेऊन पोलिसांत जा, ग्रुपवर नको.

पतीशी बोलताना "तुम्ही चुकलात" अशी सुरुवात करू नका. त्यांनी भीतीपोटी जे सुचलं ते केलं. त्यांच्यापुढे कामं ठेवा: कडीला पत्रा मारून घेणं, कॅमेऱ्याचा कोन बदलणं, शेतकऱ्याकडून कागद आणणं. हाताला काम मिळालं की साखळी सोडणं त्यांना सोपं जाईल. फोटो काढणं आणि खुणा लिहून ठेवणं मुलाकडे द्या, आणि शेराला चिप बसवायला नेताना बाप-लेकांना दोघांनाच पाठवा. तुम्ही घरी थांबा. नंबर आला की मुलाने तो वहीत लिहावा, वडिलांनी पाकिटात ठेवावा, आणि एक प्रत सासूबाईंच्या कपाटात जावी.